एक पाळणागीत आणि तीन खोटी नावे

#थ्रेड #इतिहास #नाताळ

१/ नाताळ जवळ आला की जगभरच्या इंग्रजी चर्चमध्ये आणि शाळांत लहान मुलांकडून एक गीत हमखास गाऊन घेतले जाते: ‘अवे इन अ मेंजर’. गव्हाणीत निजलेला बाळ येशू, वर तारे, भोवती गुरे आणि शेवटी छोटीशी प्रार्थना, एवढाच त्याचा विषय. या गीतावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ मार्टिन ल्यूथरचे नाव छापले गेले. ते नाव खोटे आहे.

२/ प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. या एकाच गीताला तीन खोटी नावे चिकटली. शब्दांना ल्यूथर, सर्वांत प्रसिद्ध चालीला म्यूलर आणि तिसऱ्या कडव्याला मॅकफार्लंड. ज्यांनी खरोखर काम केले, ती माणसे मात्र कोपऱ्यातल्या आद्याक्षरांत अडकून पडली. हा धागा त्या तीन नावांविरुद्ध आहे. तसाच तो ‘गीत गोड आहे ना, मग नावात काय आहे?’ या वृत्तीविरुद्धही आहे.

३/ प्रथम कागद. या गीताचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना छापील आढळ २ मार्च १८८२चा आहे. ‘द ख्रिश्चन सायनोशर’ हे अमेरिकेतील गुप्त संघटनांना, विशेषतः फ्रीमेसन मंडळींना विरोध करणारे नियतकालिक. त्याच्या मुलांच्या सदरात पहिली दोन कडवी छापली गेली. शीर्षक होते ‘ल्यूथरचे पाळणागीत’. पाठवणाऱ्याचे नाव नाही.

४/ सोबत दोन विधाने होती. एक, हे गीत ल्यूथरने स्वतःच्या मुलांसाठी रचले. दोन, पुष्कळ जर्मन माता आजही ते आपल्या बाळांना गाऊन दाखवतात. मूळ जर्मन शब्द दिलेले नाहीत. कोणत्या संग्रहातून घेतले, कोणी भाषांतर केले, याचा उल्लेख नाही. पुढील अर्धशतकाची सारी दंतकथा या दोन वाक्यांच्या पायावर उभी राहिली.

५/ आता दावा तपासू. ल्यूथरचा काळ १४८३ ते १५४६. त्याने रचलेली गीते चाळीसच्या आत आहेत. ती त्याच्या हयातीतच छापली गेली, गावोगावी पुनर्मुद्रित झाली आणि अनेक संग्रहांतून फिरली. ल्यूथर हा मुद्रणयुगातील सर्वाधिक छापल्या गेलेल्या लेखकांपैकी एक होता. अशा माणसाचे एक आख्खे बालगीत साडेतीनशे वर्षे कुठेच दिसत नाही आणि एकदम अमेरिकेतील मुलांच्या सदरात इंग्रजीत प्रकट होते, यावर विश्वास कसा ठेवावा?

६/ येथे एक आक्षेप नेहमी येतो: ‘पुरावा नाही म्हणजे घडलेच नाही असे नव्हे.’ सामान्यतः हे खरे आहे. परंतु जिथे पुरावा असायलाच हवा तिथे तो नसणे, हाच एक पुरावा असतो. एखाद्या अज्ञात खेडुताचे गाणे हरवू शकते. ज्याची पत्रे, प्रवचने आणि जेवणाच्या टेबलावरची संभाषणेही शिष्यांनी टिपून ठेवली, त्याचे गाणे असे निसटत नाही.

७/ दुसरी कसोटी भाषेची. या गीताचा १९३४ पूर्वीचा जर्मन पाठ संशोधकांना मिळालेला नाही. इंग्रजी गीत छापून आल्यावर पन्नास वर्षांनी जर्मन पाठ येतो आणि तोही इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरासारखा अवघडलेला वाटतो. मूळ नंतर आणि भाषांतर आधी, असा उलटा प्रवास कोणत्याही गीताचा होत नाही.

८/ तिसरी कसोटी गीताच्या प्रकृतीची. ल्यूथरने मुलांसाठी नाताळचे गीत खरोखर रचले आहे. त्याचे नाव ‘फोम हिमेल होख’. ते १५३५च्या संग्रहात छापले गेले. त्याला पंधरा कडवी आहेत. आरंभी देवदूत येऊन शुभवर्तमान सांगतो, मग ऐकणारे उत्तर देतात, गव्हाणीपाशी जातात आणि बाळाला आपल्या हृदयात जागा देतात. ते गीत जवळजवळ एक छोटे नाटक आहे आणि त्यातून धर्माचे शिक्षणही आहे.

९/ या गीताचा आरंभ ल्यूथरने एका लौकिक लोकगीताच्या वळणावर बेतला. प्रथम चालही त्याच लोकगीताची होती. १५३९मध्ये त्याला आज प्रचलित असलेली चाल मिळाली आणि ती सामान्यतः ल्यूथरचीच मानली जाते. म्हणजे ल्यूथर मुलांसाठी कसे लिहीत असे, हे सांगणारा अस्सल नमुना उपलब्ध आहे. तो शेजारी ठेवला की १८८२चे गीत निराळ्या मातीचे आहे, हे उघड होते.

१०/ ‘अवे इन अ मेंजर’मध्ये घोषणा नाही, संवाद नाही, शिकवण नाही. त्यात शांत बाळ आहे, गुरांच्या आवाजाने जागे होऊनही न रडणारे. मुलांना शांतपणे झोपवण्याची ती एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घराची कल्पना आहे. सहा मुलांचा बाप असलेला, बाळाच्या रडण्यावर आणि लंगोटांवर मोकळेपणाने बोलणारा ल्यूथर न रडणारे बाळ कल्पील, हे जरा अवघडच आहे.

११/ मग ल्यूथरच का? कारण ते नाव त्या वेळी हवेत होते. १८८३ हे त्याच्या जन्माचे चारशेवे वर्ष. जर्मनीत आणि अमेरिकेतील प्रोटेस्टंट समाजात त्या उत्सवाची तयारी आधीपासून चालू होती. ल्यूथरविषयीच्या कथा, चित्रे, गीते यांना मागणी होती. ज्या नावाला मागणी असते, त्या नावाखाली माल येऊ लागतो.

१२/ त्याआधी चित्रांनी भूमी तयार केली होती. जर्मन चित्रकार कार्ल आउगुस्ट श्वेर्डगेबुर्ट यांनी १८४०च्या दशकात कोरलेले एक चित्र फार गाजले. त्यात ल्यूथर, पत्नी, मुले आणि मधोमध मेणबत्त्यांनी उजळलेले नाताळचे झाड आहे. ल्यूथरच्या घरी असे झाड होते, याला समकालीन आधार नाही. परंतु चित्र घरोघरी पोहोचले आणि चुलीपाशी मुलांना खेळवणारा कुटुंबवत्सल ल्यूथर लोकांच्या डोळ्यांत बसला. त्या चित्राला फक्त एक पाळणागीत हवे होते.

१३/ याच १८८३ साली ल्यूथरच्या समग्र साहित्याची वायमार आवृत्ती सुरू झाली. ती पूर्ण व्हायला २००९ उजाडले. शंभराहून अधिक खंड, पाठभेद, टीपा, प्रत्येक ओळीची तपासणी. एकाच सुमारास एकीकडे विद्वान ल्यूथरचा शब्द न् शब्द पारखत होते आणि दुसरीकडे त्याने कधी न लिहिलेले गीत त्याच्या नावावर खपत होते. श्रद्धेची ही दोन रूपे आहेत. एक कष्ट घेते, दुसरी सोय पाहते.

१४/ सर्वांत बोलका पुरावा १८८५चा आहे. फिलाडेल्फियात त्या वर्षी ‘लिटल चिल्ड्रन्स बुक फॉर स्कूल्स अँड फॅमिलीज’ हा संग्रह निघाला. तो उत्तर अमेरिकेतील ल्यूथरपंथीय चर्चच्या जनरल कौन्सिलच्या अधिकाराने छापला होता. त्यात हे गीत आहे. चाल जे. ई. क्लार्क यांची, तिचे नाव ‘सेंट किल्डा’. आणि शब्दांचा कर्ता? तिथे कोणाचेच नाव नाही.

१५/ हे नीट लक्षात घ्यावे. ल्यूथरला आपला आद्यपुरुष मानणाऱ्या पंथाच्या अधिकृत पुस्तकाने हे गीत ल्यूथरचे म्हणून छापले नाही. ज्यांना त्या नावाचा सर्वाधिक अभिमान वाटला असता, त्यांनीच संयम पाळला. ‘खोटे कर्तृत्व नाकारणे म्हणजे श्रद्धेचा अपमान’ असे म्हणणाऱ्यांसाठी हे एक पान पुरेसे आहे.

१६/ दोन वर्षांनी, १८८७मध्ये, सिनसिनाटीच्या जॉन चर्च कंपनीने ‘डेंटी साँग्ज फॉर लिटल लॅड्स अँड लॅसेस’ हे बालगीतांचे पुस्तक काढले. संपादक जेम्स रॅम्झी मरे. त्यात हे गीत नव्या चालीसह आले. वर ठळक मथळा, ‘ल्यूथरचे पाळणागीत’. खाली तीच १८८२ची दोन विधाने, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि एका बाजूला तीन आद्याक्षरे: जे. आर. एम.

१७/ सिनसिनाटी हे त्या काळी अमेरिकेतील सर्वांत जर्मन शहरांपैकी एक होते. तिथे जर्मन वस्ती होती, जर्मन वृत्तपत्रे होती, जर्मन गायनमंडळे होती. ‘जर्मन माता आजही हे गातात’ या विधानाची शहानिशा करायला अटलांटिक ओलांडण्याची गरज नव्हती. चार गल्ल्या चालून एखाद्या जर्मन आईला विचारले असते तरी पुरले असते. छापणाऱ्यांना ते विचारण्याची गरज वाटली नाही.

१८/ हे मरे कोण? जन्म १८४१, मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर परिसर. लोवेल मेसन, जॉर्ज रूट, विल्यम ब्रॅडबरी या अमेरिकी संगीतशिक्षणाच्या जुन्या जाणत्यांकडे शिक्षण. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात वादक. युद्धानंतर शिकागोच्या रूट अँड केडी या संगीत प्रकाशनसंस्थेत नोकरी. १८७१च्या शिकागोच्या भीषण आगीत त्या संस्थेची वाताहत झाली. पुढे शिक्षकी आणि १८८१पासून सिनसिनाटीत संपादकी. मृत्यू १९०५.

१९/ म्हणजे हा माणूस पुस्तके जुळवणारा, संडे स्कूलसाठी गाणी पुरवणारा, मासिक चालवणारा कामकरी संगीतकार होता. अशा माणसांना संगीताच्या थोर इतिहासात जागा मिळत नाही. परंतु कोट्यवधी मुलांच्या कानात पहिले सूर याच माणसांनी घातले. त्या काळी अमेरिकेतील प्रत्येक संडे स्कूलला दरवर्षी नवी गाणी हवी असत आणि मरे यांच्यासारखे लोक ती गरज भागवत.

२०/ त्यांची चाल पाहावी. तीन मात्रांचे संथ झुलते वजन. पहिलीच ओळ वरच्या पंचमावर सुरू होते आणि पायरी पायरीने खाली येते: प म ग रे सा, मग नि ध आणि शेवटी खालचा पंचम. एका ओळीत पूर्ण सप्तकाचा उतार. मोठी उडी नाही, अवघड जागा नाही. बाळाला खाली टेकवताना हात जसा अलगद उतरतो, तशी ती उतरते. चार वर्षांचे मूलही ती धरू शकते. हे कौशल्य आहे, योगायोग नव्हे.

२१/ मग या कौशल्याचे श्रेय कोणाला मिळाले? मथळ्यातील ल्यूथरच्या नावाखाली जे. आर. एम. ही अक्षरे दिसेनाशी झाली. पुढच्या संग्राहकांना वाटले, गीत चारशे वर्षांचे आहे, मग चालही जुनी जर्मनच असणार आणि ‘जे. आर. एम.’ हा केवळ जुळवणी करणारा असणार. विसाव्या शतकात काही पुस्तकांत चालीचा कर्ता म्हणून कार्ल म्यूलर हे नाव आले. मरे यांच्या चालीशी या म्यूलरचा संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही.

२२/ खोट्या नावाचे हेच तर्कशास्त्र असते. एकदा शब्द जर्मन ठरले की चालीलाही जर्मन बाप शोधावा लागतो. एक असत्य एकटे राहत नाही, ते आपले गणगोत वसवते. आजही अनेक स्तोत्रसंग्रहांत मरे यांच्या चालीचे नाव ‘म्यूलर’ असेच छापले जाते. निर्माता ओळखला गेला, तरी त्याच्या निर्मितीच्या कपाळावरची पाटी दुसऱ्याचीच राहिली.

२३/ यात मरे निर्दोष नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ल्यूथरचा मथळा त्यांच्याच पुस्तकात छापला गेला. त्यांनी तो दावा रचला नाही, कारण तो पाच वर्षे आधीच छापील होता. पण त्यांनी तो न तपासता पुढे ढकलला आणि त्याच दाव्याने त्यांना झाकून टाकले. न तपासता ‘फॉरवर्ड’ करणाऱ्याचे नुकसान नेहमी दुसऱ्याचेच होते असे नाही.

२४/ आता दुसरी मोठी चाल. ब्रिटनमध्ये हे गीत बहुधा मरे यांच्या चालीवर गात नाहीत. तिथे प्रचलित आहे ती विल्यम जेम्स कर्कपॅट्रिक यांची ‘क्रेडल साँग’. जन्म १८३८, वाढले पेन्सिल्व्हेनियात. यादवी युद्धात एका पलटणीत बासरीवादकांचे प्रमुख. काही वर्षे फर्निचरचा धंदा, मग सर्व वेळ चर्चसंगीत. जॉन स्वीनी यांच्यासह त्यांनी गीतसंग्रहांमागून गीतसंग्रह काढले. मृत्यू १९२१, फिलाडेल्फिया.

२५/ त्यांची चालही तीनच मात्रांची, पण वाट उलटी. ती खालच्या पंचमावरून उचलते, षड्जावर पाय ठेवते आणि हळूहळू वर चढते. मरे यांची चाल बाळाला खाली निजवते, तर कर्कपॅट्रिक यांची चाल त्याला पाहण्यासाठी मान उंचावते. शब्द तेच, काळ तोच, गरजही तीच. तरीही दोन माणसांच्या मनांतून दोन वेगळी गाणी निघाली. ‘लोकपरंपरेतून आलेली चाल’ असे म्हटले की हा फरकच पुसला जातो.

२६/ ही चाल प्रथम १८९५मध्ये ‘अराउंड द वर्ल्ड विथ ख्रिसमस’ या मुलांच्या नाताळ कार्यक्रमाच्या पुस्तिकेत आली. त्यात निरनिराळ्या देशांचा नाताळ दाखवला होता. हे गीत कोणत्या देशाच्या वाट्याला गेले? जर्मनीच्या. अमेरिकेत जन्मलेले गीत, पेन्सिल्व्हेनियातील संगीतकाराची चाल आणि रंगमंचावर पाटी जर्मन पितृभूमीची. मुलांनी ते निष्ठेने गायले. चूक मुलांची नव्हती.

२७/ तिसरे खोटे नाव तिसऱ्या कडव्याचे. १८८२च्या छापात दोनच कडवी होती. प्रभूने सतत जवळ राहावे, अशी प्रार्थना करणारे तिसरे कडवे नंतर आले. त्याविषयी मेथॉडिस्ट बिशप विल्यम अँडरसन यांनी एक आठवण सांगितली. १९०४ ते १९०८च्या दरम्यान मुलांच्या कार्यक्रमासाठी त्यांना आणखी एक कडवे हवे होते आणि जॉन टी. मॅकफार्लंड यांनी ते तिथल्या तिथे लिहून दिले.

२८/ आठवण सुंदर आहे. सांगणारा प्रतिष्ठित, नाव खरे, प्रसंग जिवंत. अडचण एकच: ते कडवे १८९२मध्येच चार्ल्स गॅब्रिएल यांच्या ‘व्हाइनयार्ड साँग्ज’ या संग्रहात छापलेले आहे. म्हणजे आठवणीतील प्रसंगाच्या निदान बारा वर्षे आधी. कदाचित मॅकफार्लंड यांनी माहीत असलेले कडवे उतरवून दिले असेल आणि स्मृतीने त्याची रचना करून टाकली असेल. इथे कपट मानण्याचे कारण नाही. पण आठवण आणि छापील तारीख भांडू लागल्या, की तारखेची बाजू घ्यावी लागते.

२९/ गंमत पुढे आहे. १८९२च्या संग्रहाने तिन्ही कडवी ल्यूथरच्याच नावावर टाकली. दहा वर्षांपूर्वीच्या छापात नसलेले नवे कडवे निघाले आणि तेही चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या खात्यावर जमा झाले. खोट्या नावाचे खाते असे असते. त्यात कोणीही भर घालू शकतो, कारण हिशेब मागायला मालक येणार नसतो.

३०/ हा सारा गुंता सोडवला एका ग्रंथपालाने. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संगीत विभागातील रिचर्ड एस. हिल यांनी १९४५मध्ये ‘नोट्स’ या नियतकालिकात या गीतावर दीर्घ लेख लिहिला. त्यांनी एकेक जुना संग्रह उघडला आणि या गीताच्या एक्केचाळीस चाली मोजून मांडल्या. त्यांतूनच मरे यांची चाल मरे यांना परत मिळाली आणि ल्यूथरचा दावा कोसळला.

३१/ हिल यांना सापडलेला सर्वांत जुना छाप १८८५चा होता. पुढे जुनी नियतकालिके धुंडाळली गेली आणि तारीख १८८२पर्यंत मागे गेली. म्हणजे हिल चुकले का? त्यांचा एक तपशील बदलला, निष्कर्ष मात्र अधिक पक्का झाला, कारण आणखी जुना कागदही अमेरिकी आणि इंग्रजीच निघाला. नव्या पुराव्याने दंतकथा ढासळते आणि इतिहास दुरुस्त होतो.

३२/ आता मूळ वादाकडे. ‘एवढ्याशा बालगीतासाठी एवढा खल कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की किती मोठ्या गोष्टीपासून सत्याचा आग्रह धरायचा? बालगीत ही माणसाला मिळणारी पहिली परंपरा असते. मूल गीत शिकते तेव्हा त्याच्यासोबत गीताची गोष्टही शिकते. ती गोष्ट खोटी असेल, तर मोठे नाव दिसले की मान डोलवायची, हे वळण त्याला पाचव्या वर्षीच लागते.

३३/ ‘नावात काय आहे?’ हा प्रश्न सहसा ज्यांची नावे सुरक्षित आहेत त्यांच्या बाजूने विचारला जातो. ल्यूथरला या गीताची गरज नव्हती. त्याचे स्थान त्यावाचून अढळ आहे. गरज होती ती मरे, कर्कपॅट्रिक, क्लार्क यांना. मोठ्याच्या झोळीत टाकलेली प्रत्येक खोटी ओवाळणी कुठल्या तरी लहानाच्या ताटातून उचललेली असते. उदारपणाच्या नावाखाली केलेला हा अन्याय आहे.

३४/ ‘परंपरेला हात लावू नका’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाने एकनाथांकडे पाहावे. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीन शतकांत प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, अशी स्पष्ट ताकीदही दिली. एकनाथांची भक्ती कमी होती, असे कोण म्हणेल? निवडणे आणि पारखणे हीसुद्धा भक्तीच होती.

३५/ तुकोबांच्या नाममुद्रेखालीही पुष्कळ प्रक्षिप्त अभंग फिरत राहिले. म्हणून जुन्या वह्या ताडून गाथेच्या चिकित्सक आवृत्त्या कराव्या लागल्या. ज्या समाजाने हे श्रम घेतले, त्याच्या तरुणांनी आज चित्रावर एखाद्या महापुरुषाचे नाव आणि चार ओळी दिसल्या की डोळे मिटून पुढे पाठवाव्यात, हे लाजिरवाणे आहे. १८८२च्या त्या निनावी टिपणात आणि आजच्या फॉरवर्डमध्ये फरक फक्त वेगाचा आहे.

३६/ उलट बाजूच्या घाईपासूनही सावध राहावे. ल्यूथर नाही म्हटल्यावर काहींना शब्दांचा कर्ता म्हणून लगेच मरे यांचे नाव लावावेसे वाटते. तसे केले तर ती चौथी चूक ठरेल. मरे यांच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी शब्द छापलेले आहेत. पहिल्या दोन कडव्यांचा कर्ता निनावी आहे आणि तसेच लिहिले पाहिजे. रिकामी जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य हा इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला गुण आहे.

३७/ एखाद्या गीतावर, वचनावर, अभंगावर मोठे नाव दिसले की चार प्रश्न विचारावेत. हे सर्वांत आधी कुठे आणि कधी छापले किंवा लिहिले गेले? मूळ भाषेतील पाठ कुठे आहे? त्या व्यक्तीच्या अस्सल लेखनाशी हे जुळते का? आणि हे नाव लावल्याने कोणाचा माल खपतो? या गीताच्या बाबतीत चारही उत्तरे शंभर वर्षांपूर्वी मिळू शकली असती. विचारणारे कमी पडले.

३८/ हे जाणल्याने गीत कमी होत नाही. निनावी हाताने लिहिलेली दोन कडवी, आगीतून आणि युद्धातून आलेल्या एका संपादकाची उतरती चाल, पेन्सिल्व्हेनियातील एका फर्निचरवाल्याची चढती चाल आणि नंतर येऊन मिळालेले एक कडवे. एका महापुरुषाच्या एकाकी प्रतिभेपेक्षा ही कथा अधिक माणसांची आहे आणि ती खरी आहे.

३९/ येत्या नाताळात शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत हे गीत आले, तर त्याखाली एवढेच असावे: शब्द निनावी, अमेरिका, १८८२. चाल जेम्स आर. मरे, १८८७, किंवा विल्यम जे. कर्कपॅट्रिक, १८९५. एक ओळ पुरते. ती ओळ बरोबर छापणे हे त्या विस्मृत माणसांचे देणे आहे आणि गाणाऱ्या मुलांचा हक्कही.

#धागा_समाप्त